मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं का?

प्रश्न : मंडळाच्या वाचनालयाची पुस्तकयादी संगणकावर चढवतो आहे. जुन्या मायएसक्यूएल सर्व्हरवर डेटाबेस तयार केला, पण पुस्तकांच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. काय चुकलं? – एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : डेटाबेस तयार करताना कॅरेक्टर सेट, म्हणजे कोणती अक्षरं कशी साठवायची तो संच, सांगायचा राहिला असणार. मायएसक्यूएल ८.०च्या आधी काहीच सांगितलं नाही, तर लॅटिन१ मिळायचा आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. 'क्रिएट डेटाबेस', मग नाव आणि त्यापुढे 'कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' एवढं लिहा.

नुसतं यूटीएफ८ लिहू नका. जुन्या मायएसक्यूएलमध्ये ते एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरीचं भागतं, पण मोडीच्या अक्षराला चार लागतात. तुमच्या ग्वाल्हेरात शिंदेशाहीचे मोडी कागद घरोघरी निघतात. उद्या त्यांचीही नोंद करावी लागेल, आणि व्हायलाच हवी.

आता वाईट बातमी. साठवताना प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत येत नाही. माझ्या हातून एका मंडळाची सभासदयादी अशी गेली, आणि रजिस्टर समोर ठेवून 'कुळकर्णी', 'कुलकर्णी' एकेक पुन्हा भरावं लागलं. तेव्हा कागदी रजिस्टर जपा. नवा डेटाबेस करा, प्रोग्रामच्या जोडणीतही यूटीएफ८एमबी४ लिहा आणि आधी 'ज्ञानेश्वरी' एवढी एकच नोंद घालून ती नीट वाचता येते का ते पाहा.

आणि रोजच्या कामाला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं वापरू नका. त्या एका डेटाबेसपुरता वेगळा युजर करा.