आईचे कपाट कधी आवरायचे?

प्रश्न : माझे वय ७८ आहे. पत्नीला जाऊन दहा महिने झाले. तिचे कपाट मी अजून जसेच्या तसे ठेवले आहे. त्यात तिचे कपडे, चष्मा, हिशेबाच्या वह्या आणि विणायला घेतलेला, अर्धवट राहिलेला स्वेटर आहे. मी मुलगा आणि सुनेबरोबर राहतो. कपाट पाहून मला त्रास होतो, म्हणून ते आवरून टाकू, असा मुलाचा आग्रह आहे. परगावी राहणारी मुलगी मागच्या भेटीत आईचे मनगटी घड्याळ आणि आमच्या दोघांच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा कोणालाही न विचारता घेऊन गेली, आणि तेव्हापासून भावा-बहिणीचे बोलणे बंद आहे. पत्नीच्या शेवटच्या आजारपणात सुनेने तिचे सगळे केले. हे घड्याळ सुनेला द्या, असे पत्नी मला एकदा म्हणाली होती, पण ते ऐकायला दुसरे कोणी नव्हते आणि मीही ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. कपाट कधी आवरावे? घड्याळ परत मागावे का?

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, कपाट आवरण्याची कोणतीही मुदत नाही आणि ती आपल्यावतीने दुसऱ्या कोणी ठरवूही नये. दुःख ओसरायचे असेल तर गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतले पाहिजे, असा विचार मानसशास्त्रात दीर्घकाळ प्रभावी होता. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोकाविषयी जे लिहिले त्यातून तो रुजला. पुढे १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी वेगळी बाजू ठामपणे मांडली : गेलेल्या माणसाशी असलेले नाते संपत नाही, ते रूप बदलून चालू राहते, आणि त्यात आजारासारखे काही नाही. तेव्हा पत्नीचा चष्मा जपून ठेवणे हे आपण ‘अडकून पडल्याचे’ लक्षण आहे, असे कोणी म्हणाले तर ते मनाला लावून घेऊ नका. कपाट उघडल्यावर रडू येणे आणि कपाट आपल्याला अपाय करत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपल्या मुलाची गफलत नेमकी तिथे होत आहे.

त्याची तळमळ मात्र खरी असावी. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये असे मांडले की दुःखी माणूस आळीपाळीने दोन दिशांना जात असतो. कधी तो गमावलेल्यात बुडतो, तर कधी नव्या दिनक्रमाची, जबाबदाऱ्यांची घडी बसवू पाहतो, आणि हे जाणे-येणेच त्याला सावरते. एकाच घरात एकाच वेळी वडील पहिल्या दिशेला आणि मुलगा दुसऱ्या दिशेला असला, तर मुलाला वडील खचलेले दिसतात आणि वडिलांना मुलगा कोरडा वाटतो. आईचे सामान रोज डोळ्यांसमोर नको, असे मुलाला वाटते त्यामागे त्याचे स्वतःचे न बोललेले दुःखही असू शकेल. त्याला एकदा शांतपणे विचारा की त्रास मला होतो म्हणून आवरायचे आहे की तुला होतो म्हणून. आणि हेही स्पष्ट सांगा की आपण घरात नसताना कपाटाला कोणी हात लावलेला आपल्याला चालणार नाही. आपल्या सोयीसाठी म्हणून परस्पर खोली रिकामी केल्याने ज्येष्ठांच्या मनाला जी जखम होते, ती सहसा भरून येत नाही.

आता घड्याळाविषयी. मुलीने न विचारता ते नेले, हे चुकलेच. पण तिने पळवापळवी केली, असे मी म्हणणार नाही. दूर राहणाऱ्या लेकीला आईच्या अखेरच्या दिवसांत जवळ असता आले नाही, ही टोचणी असते, आणि आईच्या मनगटावरची वस्तू जवळ असली की ती थोडी शमते. सुनेची बाजूही तितकीच खरी आहे : तिने जे केले त्याची एकही खूण तिच्याजवळ नाही. या भांडणात घड्याळाची किंमत कोणीच मोजत नाही. आईच्या आयुष्यात माझी जागा काय होती, हे प्रत्येकाला ऐकायचे आहे. ते सांगू शकणारे घरात आपण एकटेच आहात, आणि आपणच गप्प आहात. म्हणून घड्याळ मागण्याआधी मौन सोडा. प्रथम मुलीशी एकटीशी बोला. तिच्या आईने काय म्हटले होते, कोणत्या प्रसंगी म्हटले होते आणि आपण ते इतके दिवस का सांगितले नाही, हे तिला आपल्या तोंडून कळू द्या. भावाकडून किंवा वहिनीकडून नको. त्यानंतर काय करायचे ते तिला ठरवू द्या. तिने घड्याळ ठेवून घेतले, तरी सासूबाईंनी आपली आठवण काढली होती, हे सुनेला कळलेच पाहिजे. वस्तू मिळो न मिळो, ते शब्द तिचे आहेत.

पत्रांच्या बाबतीत मात्र मी आपल्याला संकोच करायला सांगणार नाही. ती आपल्या दोघांची आहेत आणि आपण हयात आहात. गठ्ठा परत मागा. मुलांनी कोणती पत्रे वाचावीत, हे आपण निवडा, हवी असल्यास त्यांच्या प्रती काढून द्या.

बाकीच्या वस्तूंची वाटणी एका बैठकीत उरकू नका. दागिने, ठेवी अशा मोलाच्या गोष्टींचा निर्णय कायद्याच्या जाणकाराला विचारून वेगळा करा, म्हणजे आठवणींच्या वस्तूंमध्ये पैशाचा संशय शिरणार नाही. मग मुलगा, मुलगी, सून आणि नातवंडे या प्रत्येकाला एकच वस्तू मागायला सांगा आणि ती का हवी, हे सगळ्यांसमोर बोलायला लावा. एकच वस्तू दोघांना हवी असेल, तर दोघांची कारणे ऐकल्यावर कित्येकदा त्यांच्यातलाच एक जण मागे सरतो. तसे झाले नाही, तर ती आपल्याजवळच राहू द्या आणि आपल्या पश्चात कोणाकडे जावी, ते तारीख घालून लिहून ठेवा. केवळ तोंडी सांगितलेल्या इच्छेचे काय होते, हे या घरात सध्या दिसतेच आहे. अर्धवट स्वेटर कोणाला विणता येत असेल आणि आपल्याला चालत असेल, तर तो पूर्ण करायला द्यावा, नाहीतर आहे तसा ठेवावा.

एका गोष्टीकडे आपण आणि मुलानेही लक्ष ठेवावे. वर्षभरानंतरही ओढ आणि वेदना जवळजवळ रोज तितक्याच तीव्र असतील, जेवणखाण, झोप, औषधे आणि माणसांत मिसळणे सुटत चालले असेल, तर तो दीर्घकाळ लांबलेला शोक असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात. तसे जाणवल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि जगणेच नको, असा विचार मनात आला, तर वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी मुलाला सांगून डॉक्टरांकडे जा.