दूध बंद करताय? आधी एवढं वाच

अगं, पोराला कशाची तरी ॲलर्जी असेल म्हणून घाबरू नकोस, पण दूध, अंडी, गहू, शेंगदाणे सगळं एकदम बंद केलंयस ते आधी थांबव, दीड वर्षाचं पोर खाणार काय मग? डॉक्टरांना ज्याचा संशय आहे तेवढंच काढ, साधारण २ ते ४ आठवडे, पण ते पूर्ण काढायचं.

इथंच बरेचजण फसतात, गाईचं बंद करून म्हशीचं नाहीतर शेळीचं चालू करतात, ॲलर्जी करणारं प्रोटीन जवळजवळ तेच, उपयोग शून्य. बिस्किट, टोस्टच्या पाकिटावर मिल्क पावडर लिहिलेली असते, वाचत जा. आणि शेंगदाणे बंद असतील तर आपल्या सांगलीत अवघडच, भाजीत कूट, आमटीत कूट, वर भडंग! घरच्यांना स्पष्ट सांग, "एवढ्याशानं काय होतंय" म्हणत पेढा भरवणारं कुणीतरी असतंच.

- वहीत रोज लिही, काय खाल्लं, किती वाजता, पुरळ-उलटी-शी कधी
- परत सुरू करताना एका वेळी एकच पदार्थ, मध्ये काही दिवस जाऊ देत
- आधी कधी ओठ सुजले, धाप लागली असेल तर घरी ट्राय अजिबात नाही, डॉक्टरांसमोरच

दूध बंद असेतोवर कॅल्शियमचं डॉक्टरांना विचार, नुसत्या नाचणीवर भागेल असं धरू नकोस. ॲलर्जीच्या टेस्टचं वगैरे नंतर बघू.