मे महिन्यात गीरला निघालास? मग पाणवठा धर

भावा, मे महिन्यातलं गीर बुक केलंस ते झकास. १६ जूनपासून चार महिने सफारी बंदच असते. पण राधानगरीत गवा हुडकतोस तसं तिथं करू नकोस. उन्हाळ्यात सागाची पानं गळून जंगल उघडं पडतं, चितळ-सांबर उरलेल्या पाण्याशी येतात आणि सिंहिणी तिथंच आडोशाला दबा धरतात. दुपारी मात्र कळप सावलीला आडवा, जिप्सीत चुळबूळ करून उपयोग नाही.

शिकार सुरू झालीच तर एकीवरच डोळा ठेवू नकोस. नामिबियाच्या इटोशात अभ्यासकांनी बघितलंय, कडेच्या सिंहिणी वळसा घालून सावज हुसकतात, मधल्या दबून झडप घालतात. आपल्या कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटामागं सोडायचे, तो खेळ वेगळा. सिंहिणीला लांब पळायचा दम नाही, अगदी जवळ सरकावं लागतं. तरीही बहुतेक वेळा सावज निसटतंच. पाणी नसलं तरी शिकारीच्या मांसातल्या ओलाव्यावर चार दिवस निघतात. हाल होतात पिल्लांचे, खाण्यात त्यांचा नंबर शेवटी.

आणि आयाळवाला कळपातच असेल असं समजू नकोस. गीरमधले नर बहुतेक वेगळेच हिंडतात.