चाळीत कांदा असला की बोलणं बदलतं

या वेळी तीन पत्रं घेतलीयेत. तिन्ही नाशिकचीच आणि तिन्ही एकाच विषयाची, म्हणजे लोकांशी कसं वागायचं, कुणाची कुठे किती वट असते हे शिकवणारे ऑनलाइन कोर्स. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण त्यात एका मुलीचं नुकसान झालंय.

प्रश्न : ताई नमस्कार. २०२१ मध्ये लॉकडाऊनच्या काळात मी घरातल्या एका खोलीत बसून सोशल स्किल्स आणि पॉवर यावर मराठीत कोर्स रेकॉर्ड केला. ५४ व्हिडिओ, साधारण ११ तास. आधी बॉडी लँग्वेज, मग आत्मविश्वास, मग संभाषण, मग नाही म्हणायला शिकणं आणि सगळ्यात शेवटी पॉवरचे १८ व्हिडिओ. आता अजून १४ नवीन तयार आहेत. पण डॅशबोर्डवर बघतो तर बहुतेक जण सातव्या-आठव्या व्हिडिओलाच थांबतात, नाहीतर थेट हव्या त्या धड्यावर उडी मारतात, पॉवरपर्यंत कुणी पोचतच नाही. नवीन व्हिडिओ कुठे घालू? आणि अजून एक गोष्ट आहे जी मनाला लागलीये. एका मुलीचा मेसेज आला. तिने माझा ठाम नकाराचा धडा बघून, रात्री नऊला काम देणाऱ्या साहेबांना सगळ्यांसमोर, डोळ्यात डोळे घालून, मी शिकवलेल्या वाक्यातच नाही सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिला अकाउंट्समधून काढून स्टोअरच्या रजिस्टरवर बसवलं. तिने तक्रार नाही केली, फक्त विचारलंय, "सर माझं कुठे चुकलं?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दादा, आधी तिला फोन करा, मेसेज नको, फोनच. तिचं काही चुकलं नाही, तुमच्या धड्यांचा क्रम चुकला, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. साहेबाच्या हातात आपलं काय काय आहे हे मोजायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ते तुम्ही सदतिसाव्या व्हिडिओपासून पुढे ठेवलं होतंत. आणि ज्याच्यावर रोज अन्याय होतोय तो माणूस छत्तीस व्हिडिओ थांबत नसतो, तो पहिल्याच दिवशी आपल्या दुखण्याच्या धड्यावर जातो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीच्या मेसेजमध्येच आहे. पॉवर शेवटून उचलायची आणि पहिल्या धड्यात आणायची, आणि नंतरच्या प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला तिची परत आठवण द्यायची. नवे १४ व्हिडिओ शेवटी चिकटवू नका. घर गळत असताना वर मजला चढवत नाहीत.

हा पहिला धडा कसा असावा ते सांगते. लासलगावला नाहीतर पिंपळगावला कांद्याचा लिलाव बघितला असेल तुम्ही. हिवाळ्यात लाल कांद्याची ट्रॉली घेऊन शेतकरी उभा असतो, व्यापारी येतो, वरचे दोन-चार कांदे उचलतो, अंगठ्याने मान दाबून बघतो, साल झाडतो, भाव पुकारतो आणि पुढच्या ट्रॉलीकडे निघतो पण. शेतकऱ्याला भाव पटला नाही तरी करणार काय, लाल कांदा टिकत नाही, माघारी न्यायचा तर डिझेल अंगावर आणि घरी ठेवला तर सडणार. तोच शेतकरी जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळ कांदा घेऊन येतो, तो कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, म्हणजे थोडी घट येते, थोडा खराबही होतो, पण राहतो. भाव पडला की तो सरळ म्हणतो "राहू द्या आज", आणि ट्रॅक्टर फिरवतो. माणूस तोच, व्यापारी तोच, मधल्या काळात त्याने ना कुठला कोर्स केला ना खांदे ताठ ठेवायची प्रॅक्टिस केली. फरक इतकाच की आता त्याला थांबता येतंय. (डोक्यावर सोसायटीचं कर्ज असेल तर चाळ भरलेली असूनही थांबता येत नाही, हेही त्याच धड्यात सांगा.)

रिचर्ड इमर्सन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हेच मांडलंय, तुमची माझ्यावर सत्ता किती, तर मी तुमच्यावर जितका अवलंबून आहे तितकी. म्हणून पहिल्या व्हिडिओत तुम्ही कमी बोला आणि एक कागद भरून घ्या. ज्याच्याशी बोलायचंय त्याचं नाव, त्याच्या हातात माझं काय आहे, माझ्या हातात त्याचं काय आहे, आणि त्याने ते काढून घेतलं तर मी किती दिवस तग धरीन. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्या मुलीने तो भरला असता तर तिला दिसलं असतं की पगार, सुट्टी, अनुभवाचं पत्र सगळं एकाच माणसाच्या सहीवर आहे, दुसरी नोकरी हातात नाही, आणि मग ती सगळ्यांसमोर बोलली नसती. सकाळी केबिनमध्ये एकटी जाऊन म्हणाली असती, "सर, रात्रीची एंट्री मी सकाळी साडेनऊच्या आत करून देते, चालेल का?" हा भित्रेपणा नाही हो. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही असं आपल्याकडे म्हणतात, पण मी इतकी वर्षं कंपन्यांमध्ये ट्रेनिंग देतेय तर मला उलटंच दिसलंय, सत्तेपुढेच शहाणपण सगळ्यात जास्त लागतं. बरोबरीच्या माणसाशी थोडं वेडंवाकडं बोललं तरी निभतं.

आता बाकीच्या व्हिडिओंचं. प्रत्येकाची एक चिठ्ठी करा आणि तिच्यावर एकच ओळ लिहा, हा बघून माणूस उद्या सकाळी नेमकं काय करेल. ज्या चिठ्ठीवर ओळ सुचत नाही तो व्हिडिओ बाजूला, डिलीट नको, पण मुख्य वाटेवर नको. मग उरलेल्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि माणसांप्रमाणे लावा, माझ्यावरचा, माझ्या बरोबरीचा, माझ्या हाताखालचा, घरातला. कारण शिकणाऱ्याच्या डोक्यात "संभाषणकौशल्य" असा कप्पा नसतो, त्याच्या डोक्यात साहेब असतो, जाऊबाई असते, उधारी न देणारा गिऱ्हाईक असतो. तुमचा नवा मजकूरही याच चाळणीतून जाऊ दे, १४ मधले चार-पाच जरी राहिले तरी खूप झाले.

आणि हाताखालच्या माणसाशी कसं वागायचं, हा भाग तुमच्या यादीत दिसतच नाहीये, याचं मला फार वाईट वाटलं. तुमचे विद्यार्थी कुठे ना कुठे वरचेही असणारच, कुणाचं दुकान असेल, कुणाच्या घरी कामाला बाई येत असेल, कुणाला सून आली असेल. ज्याच्या हातात वजन आहे त्याला खरं कुणी सांगत नाही, सगळे हो जी हो जी करतात. त्याने मीटिंगमध्ये स्वतःचं मत शेवटी सांगावं, विरोधात बोललेल्या माणसाचं त्या महिन्यात काही वाईट होणार नाही याची काळजी घ्यावी, चूक कबूल करणाऱ्याला चारचौघांत झापू नये. असे तीन-चार धडे नव्याने शूट करा. त्या साहेबाने असा धडा कुठे बघितला असता तर ही पोरगी आज स्टोअरमध्ये बसली नसती.

काही गोष्टी मात्र कोर्समधून काढायलाच हव्यात. दोन मिनिटं अंग ऐसपैस पसरून बसलं-उभं राहिलं की हार्मोन बदलतात, हा पॉवर पोझचा प्रयोग २०१० चा, फक्त ४२ जणांवर केलेला. २०१५ मध्ये २०० जणांवर परत करून बघितला तर हार्मोनमध्ये काही फरक सापडला नाही, लोकांना आतून जरा बरं वाटलं इतकंच, आणि मूळ अभ्यास करणाऱ्या तिघांपैकी डॅना कार्नी यांनी २०१६ मध्ये स्वतःच जाहीर लिहिलं की त्यांचा आता यावर विश्वास नाही. दुसरं, शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५, हे तर प्रत्येक ट्रेनर सांगतो. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे ते प्रयोग भावनांपुरते होते, म्हणजे शब्द एक सांगतायत आणि आवाज-चेहरा दुसरंच, अशा वेळी ऐकणारा आवडनिवड कशावरून ओळखतो एवढंच. पगारवाढ मागताना तुमचे शब्द ७ टक्केच मोजले जातात असं त्यातून निघत नाही. तिसरं म्हणजे १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग, त्यात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं, सत्ता मिळाली की कुणीही आपोआप क्रूर होतो हे दाखवायला तो वापरतात, पण नंतर बाहेर आलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं जातंय हे ऐकू येतं. तुमच्या ५४ मध्ये यातलं काही असेल तर तो व्हिडिओ गुपचूप उडवू नका, त्याच जागी दोन मिनिटांचा नवा टाका आणि सांगा, मी तेव्हा हे शिकवलं होतं, ते चुकीचं निघालं.

फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांचे १९५९ चे सत्तेचे पाच प्रकार तुम्ही बहुतेक पाच व्हिडिओत वाटले असतील. बक्षीस देण्याची, शिक्षा करण्याची, पदाची, जाणकारीची, आणि माणूस मनापासून आवडतो म्हणून चालणारी. पुढे १९६५ मध्ये रेव्हननी माहितीची सत्ता त्यात घातली. एका व्हिडिओत सहाही बसतात.

आणि एक धडा असा हवा की जिथे बोलण्याची कला संपते आणि कायदा सुरू होतो. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होत असेल तर तिला गोड नकार शिकवत बसू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि जिथे समिती नाही तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तारीख, वेळ, काय घडलं, कोण हजर होतं हे त्या त्या दिवशी लिहून ठेवायचं, हेसुद्धा सोशल स्किलच आहे.

प्रश्न : ताई, मी अंबडला एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. असा एक कोर्स पूर्ण दोनदा बघितला, वहीभर नोट्स काढल्या. पण मॅनेजरसमोर उभा राहिलो की ततपप होतं, एक वाक्य आठवत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : अजिबात नाही. दोनदा बघितलंत म्हणजे मेहनत केलीत, फक्त ती बघण्याची झाली. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन गट केले, एकाने धडा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. आपल्या गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांमध्ये मधेमधे स्वतः सोडवायचे प्रश्न असतात ते काही जागा भरायला नसतात.

तुम्ही असं करा, तिसऱ्यांदा व्हिडिओ लावू नका. वही मिटा, तुमच्या खऱ्या मॅनेजरला सांगायचं खरं वाक्य मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा, ऐका, परत बोला. मी सातपूरच्या एका कंपनीच्या बसमध्ये एका ऑपरेटरला बघितलंय, खिडकीकडे तोंड करून तो हळू आवाजात एकच वाक्य म्हणत होता, "साहेब, ती रिजेक्शन माझ्या शिफ्टची नाहीये, रजिस्टर आणलंय". सातपूर येईपर्यंत आठ-दहा वेळा म्हणाला असेल. मग ते वाक्य आधी टपरीवर मित्रासमोर म्हणा, मग स्टोअरवाल्यासमोर, मॅनेजर शेवटी. त्याच्यापासून सुरुवात केलीत म्हणून ततपप झालं. आणि कोर्सवाल्याला कळवा की प्रत्येक धड्यानंतर त्याने व्हिडिओ थांबवून विद्यार्थ्याला बोलायला लावावं, तो तुमच्या पत्राने नक्की सुधारेल.

प्रश्न : मी सिडकोत राहते, महिलांसाठी असाच छोटा कोर्स चालवते. दोन शंका आहेत. पॉवर, सत्ता हे शब्द बायकांना खटकतात, "आम्हाला काय राजकारण करायचंय का" म्हणतात, तर शब्द काढून टाकू का? आणि कोर्स नवीन केला की जुन्यांकडून परत फी घेतली तर चालेल का? तेव्हा जाहिरातीत लाइफटाइम अ‍ॅक्सेस लिहिलं होतं.
— एक वाचक, सिडको

उत्तर : शब्द बदला, विषय काढू नका. घरात गॅसचा नंबर कोण लावतं, एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असतं, माहेरी जायचं तर कुणाला विचारावं लागतं, इथून सुरुवात करा, सत्ता शब्द न उच्चारता सगळ्या बोलायला लागतील. वट, वजन, चालतं-चालत नाही, आपल्याकडे शब्दांना तोटा नाही.

फीचं मात्र स्पष्ट सांगते, घेऊ नका. लाइफटाइम लिहून पैसे घेतलेत तर सुधारलेला कोर्स त्यांचाच आहे, त्यांनी तो भरवसा ठेवून घेतला होता. लाइव्ह बॅच, वन-टू-वन असं काही वेगळं देणार असाल तर त्याची वेगळी फी घ्या, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. जुने व्हिडिओ लगेच काढू नका, कुणाचे अर्धे बघून झाले असतील, एक जुना विभाग करून त्यात दोन-तीन महिने राहू द्या. आणि ग्रुपवर साधा मेसेज टाका, काय काढलं, का काढलं, कुठला धडा आधी बघायचा, आणि जुन्या धड्यातलं काही वापरून कुणाला त्रास झाला असेल तर मला फोन करा. गंगापूर रोडच्या दादांनीही हाच मेसेज टाकावा, आणि आजच टाकावा, नवीन शूटिंगला दिवाळी उजाडली तरी चालेल.