फ्लेबॉटॉमिस्टचं, म्हणजे तपासणीसाठी रक्त काढणाऱ्याचं, रोजचं काम काय असतं? दिवसभर फक्त सुया टोचायच्या असतात का? (डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करतोय, म्हणून विचारतोय)

सुई टोचणं हा कामातला सगळ्यात छोटा भाग. मी पुण्यात एका लॅबसाठी सकाळी घरोघरी जाऊन सॅम्पल घेते, दुपारी काउंटरला असते. खरं काम म्हणजे ज्याचं रक्त त्याच्याच नावाने, न बिघडता मशीनपर्यंत पोचवणं.

सकाळची घाई असते ती उपाशीपोटीच्या तपासण्यांमुळे. ‘काही खाल्लंय का?’ असं विचारून भागत नाही, कारण आपल्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत. ‘चहा झाला का?’ असं वेगळं विचारावं लागतं. नावाचंही तसंच. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं कधी विचारायचं नाही. कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही ‘हो’ म्हणतात. नाव त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि लेबल तिथेच, त्यांच्यासमोर लावायचं.

मग बल्ब, म्हणजे रक्त भरायच्या छोट्या नळ्या. झाकणाच्या रंगावरून आतलं रसायन ओळखायचं. कॉलेजात त्या भरायचा क्रम पाठ करून घेतात, त्याचं कारण कामावर कळतं. आधी निळा सायट्रेट, मग प्लेन किंवा जेलचा, मग जांभळा ईडीटीए, शेवटी करडा फ्लोराईड. ईडीटीएचा अंश प्लेन बल्बमध्ये गेला की रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटंच वाढतं, कॅल्शियम घटतं आणि धडधाकट माणसाच्या घरी धावपळ उडते. निळा बल्ब रेघेपर्यंत भरलाच पाहिजे. त्यात एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त असं प्रमाण लागतं. हृदयाची झडप बदललेल्या पेशंटच्या रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस त्याच बल्बच्या रिपोर्टवर ठरतो. ईडीटीएचा बल्ब हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायचा. खळाखळा हलवलात तर पेशी फुटतात आणि सॅम्पल परत घ्यावं लागतं.

शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेली शीर आणि धमनी) असलेल्या हाताला हात लावायचा नाही आणि सलाईन चालू असलेला हातही टाळायचा. दोनदा जमलं नाही तर सहकाऱ्याला बोलवा, इथे हट्ट कामाचा नाही. कुणी चक्कर येते म्हणालं की सरळ आडवं झोपवूनच घ्या. लहान मुलांना ‘दुखणार नाही’ असं सांगू नका. पुढच्या वेळी ती दारातूनच पळतात.

जेवणानंतरच्या शुगरवरून मात्र रोज वाद होतो. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. हे पेशंटला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलं की हेलपाटा वाचतो.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. स्वतःला टोचलीच तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, 72 तासांनंतर उपयोग नाही.

तेव्हा कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस पूर्ण करा. मुलाखतीत दोन गोष्टी नक्की विचारा: पेट्रोलचे पैसे वेगळे मिळतात का, आणि सुई टोचली तर औषधाचा खर्च कोण करतं? दुसऱ्या प्रश्नावर ते गोंधळले तर ती नोकरी घेऊ नका.