टपल बदलत नाही म्हणतात, मग माझ्या टपलमधली लिस्ट बदलली कशी?

तुम्ही विचारलंय की पायथन भाषेतलं टपल, म्हणजे एकदा बनवल्यावर न बदलणारी यादी, रीड-ओन्ली असतं, तरी आतली लिस्ट बदललीच कशी, आणि मग टपल वापरायचं तरी कशाला. पहिल्या भागाचं उत्तर दोन ओळींचं आहे. टपलमध्ये लिस्ट नसते, लिस्टचा पत्ता असतो. पत्ता पक्का, घरातली माणसं बदलली तर टपलला काय त्याचं?

हे मी शिकले पहिल्या नोकरीत, शिव्या खाऊन. साडीच्या होलसेल दुकानाचं बिलिंग होतं. सवलतींचं टपल फाइलच्या वरच, नाव कॅपिटल अक्षरांत, म्हणजे 'हे बदलू नका' अशी खूण: आधी सणाचं नाव, मग टक्क्यांची लिस्ट. बिल करणारं फंक्शन ती लिस्ट घ्यायचं, जुनं गिऱ्हाईक असेल तर त्यात २ टक्के अपेंड करायचं, म्हणजे शेवटी जोडायचं, आणि बेरीज करायचं. अपेंड व्हायचं मूळ लिस्टमध्येच. म्हणजे प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकामागे सवलत २ टक्क्यांनी वर. रात्री सर्व्हर रीस्टार्ट व्हायचा, त्यामुळे सकाळी सगळं चोख. शेठचा फोन यायचा तो जेवणानंतर: "दुपारी बिलं उतरतात हो तुमची."

टीम लीडनी ठरवून टाकलं, नव्या पोरीने दर बिघडवले. मी म्हटलं, सर, ती लिस्ट बदलतेय. तर म्हणे, "टपल आहे ते. बदलूच शकत नाही. बेसिक वाच जरा." चार दिवस मी डेटाबेस धुंडाळत बसले. शेवटी फंक्शनच्या पहिल्या ओळीत लिस्ट प्रिंट केली. १०, २, २, २, २… सॉरी वगैरे काही नाही. वर फर्मान, की आता सगळीकडे डीपकॉपी, म्हणजे आतल्या सगळ्यासकट वेगळी प्रत, मारा. मारली, बिलिंग रखडायला लागलं. मग म्हणे, जावास्क्रिप्ट घेतलं असतं तर कॉन्स्ट मिळाला असता.

नसता मिळाला! २०१५ मध्ये आलेला कॉन्स्ट फक्त नावाला दुसरी व्हॅल्यू चिकटवू देत नाही. ॲरेमध्ये पुश खुशाल करा. ऑब्जेक्ट फ्रीझ केला तरी वरचा थरच गोठतो, आणि स्ट्रिक्ट मोड (जावास्क्रिप्टचे कडक नियम) चालू नसेल तर साधं असाइनमेंट एररही न देता गिळून टाकतो. रूबी भाषेत तर कॉन्स्टंटला नवी व्हॅल्यू दिली तरी नुसती वॉर्निंग. कॅपिटल अक्षरं ही विनंती आहे, कुलूप नाही.

हवं तर गंमत करून बघा. टपलमधल्या लिस्टला प्लस-इक्वलने (+=) काही जोडा. टाइपएरर येईल, आणि तरी लिस्ट वाढलेली असेल! आधी लिस्ट जागच्या जागी वाढते, मग टपल तोच पत्ता परत लिहून घ्यायला नकार देतं.

तुमच्यापुरतं: आतही टपलच ठेवा, आणि बेरजेसाठी नवी व्हॅल्यू बनवा, जुनीला हात लावू नका. शंका असेल तर टपलचा हॅश, म्हणजे व्हॅल्यूवरून काढलेला आकडा, मागा. आत लिस्ट किंवा डिक्शनरी असली तर तिथेच टाइपएरर. मात्र आपण लिहिलेल्या क्लासचे ऑब्जेक्ट सहसा हॅश देतात आणि बदलतातही, तेव्हा हॅश मिळाला म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि डीपकॉपी अगदीच वाईट असते असं नाही, एखाद्या ठिकाणी लागते. पण सर, हे वाचत असाल तर, साठ ठिकाणी नाही लागत.