सहाही संकल्पना एका तासात कोंबू नका

माहिती साक्षरता, म्हणजे माहिती शोधणं, पारखणं अन् वापरणं, शिकवताना एसीआरएल या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन अन् संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेचा २०१६चा आराखडा हाताशी ठेवा, पण त्यातल्या सहाही संकल्पना पहिल्याच तासाला सांगायला जाऊ नका. पोरं लिहून घेतात अन् विसरतात. सुरुवात शोधापासून करा, अन् विषय ओळखीचा द्या: मराठवाड्यातला दुष्काळ, जालन्याची मोसंबी.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आधी रोमन लिपीत ‘मराठवाडा’ टाकायला लावा. एकदा ‘व’ डब्ल्यूने, एकदा व्हीने. मग देवनागरीत. दर वेळी किती नोंदी आल्या ते वहीत लिहू द्या. निव्वळ अक्षरं जुळवणाऱ्या शोधात ‘मराठवाडा’ टाकलं की ‘मराठवाड्यातील’ असं शीर्षक निसटतं, कारण विभक्ती लागताना आपल्याकडे शब्दाचं रूपच बदलतं. इंग्रजीवर बेतलेल्या धड्यांत ही अडचण सापडणार नाही. ती तुम्हालाच शिकवावी लागेल.

गट ३-४ जणांचे, शोधायला २० मिनिटं.

पुढच्या तासाला विश्वासार्हता. मोसंबीवरचा प्रबंध, कृषी विद्यापीठाची पुस्तिका अन् व्हॉट्सअॅपवरचा मजकूर शेजारी शेजारी ठेवा. ‘खरं कोणतं?’ असं विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर येतं. ‘बागेत फवारणी करायचीय, यातलं कोणतं वाचाल अन् का?’ असं विचारा.